तळ्याचं तोंड

बगळा कधी आला ते त्याला कळलंच नाही. चहा गाळता गाळता सहज मान वर केली, तर मागच्या अंगणात, तळ्याच्या काठावरच्या सपाट दगडावर तो उभा होता. राखी रंगाचा, उंचीला जवळजवळ कमरेइतका, डोक्यामागे काळी शेंडी. इतका स्थिर, की क्षणभर वाटलं सासऱ्यांनी कुठूनतरी पुतळा आणून ठेवला. मग पुतळ्यानं एक पाय उचलला आणि पाण्यात टाकला. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. खिडकीची काच हातभर अंतरावर होती. बोटानं एकदा टकटक केलं असतं तरी पक्षी उडाला असता. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. नंतर स्वतःची कितीही समजूत घातली, तरी माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. गाळणी तशीच हातात धरून तो बघत राहिला. पक्ष्याची मान हळूहळू मागे जात होती, कुणी दोरी गुंडाळून घेत असावं तशी, आणि ती किती मागे जाते याची त्यालाच उत्सुकता लागून राहिली होती. मग काहीतरी झालं, पण ते इतक्या चटकन की दिसलंच नाही. दिसलं ते झाल्यानंतरचं. चोचीत आडवा धरलेला नारिंगी मासा, पाठीवर एका बाजूला पांढरा डाग. पोस्टमन. पक्ष्यानं मासा हवेतल्या हवेत फिरवून डोकं पुढे येईल असा नीट लावून घेतला आणि गिळला. लांब मानेतून एक गाठ खाली सरकत गेली. त्यानंतर पक्ष्यानं वळून सरळ खिडकीकडे पाहिलं, आणि काही घाई नसल्यासारखे पंख उघडून कुंपणावरून निघून गेला. चहा कपाबाहेर जाऊन ओट्यावर पसरला होता.

तो ओटा पुसत असतानाच जिन्यावर पावलं वाजली. सासरे एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचे. आवाजावरून कितवी पायरी ते त्याला सांगता आलं असतं. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं गाळणघरावर काढलेला माणूस. 'या शहरानं प्यायलेला घोट न् घोट माझ्या हाताखालून गेलाय,' असं ते सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला उगाच उपकृत वाटायचं. सासूबाई गेल्यावर त्यांनी आपलं घर सोडलं आणि ते मुलीकडे राहायला आले, त्याला तीन वर्षं झाली होती. लोकांकडे घरजावई असतो, आमच्याकडे घरसासरा आहे, असं तो दवाखान्यात गमतीनं म्हणायचा. ते त्याला लग्नाच्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणत आले होते. तेव्हा त्यात थोडी थट्टा होती. पुढे थट्टा झिजून गेली आणि नुसता शब्द उरला. तो त्यांना 'मामा' म्हणायचा. गेल्या उन्हाळ्यापासून घरात दोघंच होते, कारण बायको नर्सिंगच्या वरच्या कोर्ससाठी नऊ महिने दुसऱ्या शहरात गेली होती. ती मध्ये असताना दोघांचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. ती गेल्यावर लक्षात आलं, की दोघांना परस्पर असं काही बोलायचंच नसतं.

तळं सासऱ्यांनी आल्या वर्षीच खणलं होतं. लांबीला माणूस आडवा झोपेल एवढं, मध्ये छातीइतकं खोल. त्यात सात मासे सोडले आणि प्रत्येकाला हुद्दा दिला. स्टेशनमास्तर सगळ्यांत मोठा, सगळ्यांत संथ. वकिलाचं तोंड सदा उघडं. नर्सबाई पांढरीशुभ्र. ड्रायव्हर कायम वळणावर. हेडमास्तर, माळी, आणि पोस्टमन, जो सकाळी सगळ्यांच्या आधी काठाशी हजर व्हायचा.

सासरे खाण्याचा डबा घेऊन बाहेर गेले. तो खिडकीतूनच बघत होता. ते वाकले, थांबले, पाण्यावर बोट नाचवलं. आत आले ते डबा तसाच बंद.

"पोस्टमन दिसत नाही."

"असेल खाली कुठेतरी," तो म्हणाला.

"बाकीचेपण दबकून आहेत. आज कुणी वरच येत नाही."

"थंडी पडायला लागलीय मामा."

"हं," म्हणून त्यांनी कप उचलला. एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर कदाचित तो बोलला असता.

दवाखान्यात त्याचं काम लोकांना कितपत ऐकू येतं ते तपासायचं. जाड भिंतींची, आतून फोम लावलेली एक लहानशी केबिन होती. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा. मग काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर पाठवायचा, आधी स्पष्ट, मग पुसट, मग असून नसल्यासारखा. वीस वर्षांत त्याला माणसांच्या दोन जाती कळल्या होत्या. काही जण काही ऐकू आलेलं नसतानाही दाबत सुटायचे. काहींना ऐकू यायचं, भुवई हलायची, अंगठा बटणावर ताठ व्हायचा, आणि ते दाबायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, खात्री नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच केबिनमध्ये जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. तिथल्या शांततेत आधी कान गच्च झाल्यासारखे वाटतात, मग आपलंच रक्त ऐकू येऊ लागतं. खात्री तर होती. पक्षी कोण आणि कशासाठी उभा आहे हे न कळण्याइतका काही तो दुधखुळा नव्हता. मग हात का उठला नाही? मामांवर राग होता म्हणावं तर तसा नव्हता. असेलही थोडा. आपल्या घरातली सकाळ आपल्याला न विचारता माशांच्या वेळापत्रकावर चालते याचा. पण तेवढ्यासाठी कुणी एखादा जीव जाऊ देत नाही. खरं सांगायचं तर त्याला ते बघायचं होतं, आणि बघून संपेपर्यंत मासा संपला होता.

आणि मग त्याला ती दुसरी खिडकी आठवली. ती आठवायला नको म्हणूनच बहुधा तो इतका वेळ बगळ्याभोवती घोटाळत होता. वय अकरा. तापामुळे त्याला पुढच्या खोलीत झोपवलं होतं. पहाटे उजाडता उजाडता जाग आली, आणि बाहेर फाटकापाशी दादा दिसला. अठरा वर्षांचा दादा, खांद्यावर पिशवी, बूट हातात. दादानंही त्याला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, हसल्यासारखं केलं आणि फाटकाची कडी अशी काढली की ती वाजली नाही. स्वयंपाकघरात आई उठलेली होती. भांड्यांचा आवाज येत होता. 'आई' एवढी दोन अक्षरं हाक मारायची होती. तो बघत राहिला. दुपारी घर पालथं झालं तेव्हा आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "तुला काही दिसलं का रे?" तो म्हणाला, नाही. दादाचं वाईट काही झालं नाही. तो दूरदेशी छान स्थिरावला, त्याला टक्कल पडलं, तीस वर्षांत दोनदा भेटला. कुणी मेलं नाही. फक्त त्यानंतर घरातलं कुणी कोपऱ्यावर जरी निघालं, तरी आई दारापर्यंत यायची आणि माणूस दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अंगणातून हाक मारली. "जावईबापू, जरा इकडे या. चोर सापडला."

काठच्या चिखलात पावलाचा ठसा होता. तीन लांब बोटं पुढे, एक मागे. सासरे गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, आणि त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा निदान सापडल्याचं समाधान जास्त होतं. बगळा. पोस्टमनला यानं नेलं. चूक माझीच, ते म्हणाले. या बाजूला उतार ठेवला. उतार म्हणजे त्याच्यासाठी जिनाच. तो वरून झडप घालत नाही, चालत उतरतो. काठ सरळ हवा होता, भिंतीसारखा. हे ऐकत तो मान हलवत राहिला. आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. पण 'चूक माझीच' हे वाक्य त्यांनी इतक्या चटकन स्वतःकडे घेतलं होतं, की त्यात आपली चूक घालायला जागाच दिसेना.

पुढचे दोन रविवार दोघं तळ्यावर राबले. उताराच्या बाजूला दगड रचून काठ उभा केला. चारी बाजूंनी खुंट्या ठोकून मासे पकडायच्या गळाची पारदर्शक दोरी दोन पदरी ताणली, एक गुडघ्याच्या खाली, एक वर. "त्याला दिसायला नको, लागायला हवी," सासरे म्हणाले. "न दिसणाऱ्या गोष्टीला प्राणी जास्त घाबरतो. माणूसही." पाण्यावर वीतभर उंच जाळी बसवली, ढोलकीसारखी ताठ; सैल असली तर चोच आत जाते, आणि पानगळीची पानं झोळीत साठून पाण्यात सडतात. तळाशी सिमेंटच्या पाइपचे तुकडे सोडले, माशांना लपायला. तो थंड पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून तुकडे लावत होता आणि सासरे वरून सांगत होते, थोडा डावीकडे, अजून, पुरे. वकील येऊन त्याच्या मनगटाला तोंड लावून गेला. पाण्याखाली त्या स्पर्शानं त्याच्या अंगावर काटा आला. वाईट वाटलं की बरं, तेही त्याला ठरवता आलं नाही.

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी कुंपणावरून एक प्लास्टिकचा बगळा दिला. एक उभा असला की दुसरा येत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चौथ्या सकाळी खरा बगळा आला आणि प्लास्टिकच्या शेजारी जाऊन उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा लावून. सासरे खिडकीशी आले, त्यांनी पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, हा तर स्थळ बघायला आलाय!" बगळ्यानं पाऊल पुढे टाकलं, नडगीला दोरी लागली, तो दचकून मागे झाला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला, आणि मोठा अपमान झाल्यासारखा उडून गेला. सासरे खोकला येईपर्यंत हसले. त्यालाही हसू आलं. हसता हसता वाटलं, आता तर सांगणं आणखीच अवघड झालं.

रविवारी बायकोचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, मासे कसे आहेत? तो सांगायचा, ठीक आहेत, खातात कमी. दोन पुरुषांची एकत्र चौकशी करायची तिची ती पद्धत होती, हे त्याला कळत होतं. म्हणून तोही तसंच उत्तर द्यायचा. गेल्या आठवड्यात जरा खोकत होते. आता बरे आहेत.

मग थंडी उतरली. सासऱ्यांनी माशांना खाऊ घालणं बंद केलं. गार पाण्यात पोटातलं पचत नाही, ते आत कुजतं. मासे तळाशी गेले आणि पाइपांच्या तोंडाशी, कानाला लागून कुजबुजत असल्यासारखे, एकमेकांना चिकटून थांबले. "चार अंशाचं पाणी सगळ्यांत जड," सासरे म्हणाले. "ते खाली बसतं. वर बर्फ झाला तरी तळाशी चारच अंश. म्हणून तर मासा जगतो. ते ढवळायचं नाही." त्यांनी छोटा पंप उथळ भागात ठेवला, त्याचे बुडबुडे एकाच जागी वर येत राहतील असा. बर्फ सगळीकडे धरला तरी तेवढं ताटाएवढं भोक उघडं राहायला हवं, कारण तळाशी कुजणाऱ्या पानांचा वायू बाहेर पडला नाही तर मासे गुदमरतात. "तळ्याचं तोंड उघडं पाहिजे. बाकी ते आपलं आपण बघून घेतं." आणि काही झालं तरी बर्फावर हातोडा मारायचा नाही. दणका पाण्यातून जातो. माशाच्या कुशीला अख्ख्या लांबीचा कान असतो. हे त्यानंही कधीतरी अभ्यासात वाचलं होतं, पण घरच्या माशांना ते लागू होतं असं कधी मनात आलं नव्हतं. भोक बंद झालंच तर उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवायचं. कडीला दोरी बांधून, नाहीतर बर्फ वितळला की पातेलं तळाला जातं.

बर्फ धरल्यावर मासे दिसेनासे झाले, आणि त्याला हलकं वाटलं. आता मोजदाद नव्हती. सकाळी दोघं खिडकीशी चहा प्यायचे. पांढऱ्या पृष्ठभागात ते एक काळं भोक, त्यात उकळ्या. सहा आहेत की पाच, की एकही नाही, कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी दोघं सारखेच अडाणी असतात. ते दिवस त्याला आवडले. कधीकधी सासरे गाळणघरातल्या गोष्टी सांगायचे. एकदा पुरानंतर तीन दिवस घरी गेलो नाही, तुमच्या सासूबाईंनी डबा घेऊन धाकट्याला पाठवलं, वगैरे. तो ऐकायचा. एकदा तो म्हणाला, मामा, एकदा या ना दवाखान्यात, कान तपासू. ते म्हणाले, "माझे कान तुमच्या पेटीत घालायचे नाहीत. मला हवं ते सगळं ऐकू येतं."

भर थंडीत त्यांचा खोकला छातीत उतरला. दोन दिवस त्यांनी दाद दिली नाही, तिसऱ्या दिवशी ओठ निळसर दिसले तेव्हा तो त्यांना इस्पितळात घेऊन गेला. न्यूमोनिया. दोन्ही बाजूंनी. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलताना सारखी पेनाचं टोपण काढत-घालत होत्या, आणि त्याचं लक्ष शब्दांपेक्षा त्या टकटकीकडेच होतं. त्या रात्री तो तिथेच बाकावर बसून राहिला. बाहेर वादळ होऊन गेल्याचं त्याला सकाळी कळलं, घरी आल्यावर. वीज नव्हती. गल्ली पांढरी, निःशब्द. तो तसाच बुटांसकट मागच्या अंगणात गेला. पंप बंद होता. भोक नव्हतं. जिथे ते असायचं तिथे बर्फ जरा गुळगुळीत होता, जखम भरून आल्यावर कातडी असते तसा.

शेडमध्ये हातोडा होता. तो हातात घेऊन तो परत आलासुद्धा. मग त्यानं तो खाली ठेवला. जाळीची एक बाजू सोडवली आणि गॅसवर दोन पातेली चढवली. एक उकळलं की कडीला दोरी बांधून बर्फावर ठेवायचं, गार झालं की दुसरं. पातेलं बर्फात अर्धा इंच बसायचं आणि तिथेच रुसून राहायचं. त्यानं कितीही घाई केली असती तरी बर्फानं घाई केली नसती. हात लाल झाले, मग पांढरे. तळहाताएवढा जाड बर्फ होता. सातव्या का आठव्या पातेल्याला खालून काहीतरी सुटल्यासारखं झालं, दोरीला हिसका बसला, आणि गोल भोकातून एक वास वर आला. चिखलाचा, शिळ्या अंड्यांचा, कोंडलेल्या खोलीचा. मागोमाग स्टेशनमास्तर वर आला. कुशीवर, एक डोळा आकाशाकडे. त्यानं त्याला दोन्ही हातांत घेतलं. तो जड होता आणि हातांपेक्षा गार नव्हता.

मग शेडमधली एक फळी बर्फावर टाकून तो तिच्यावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी उजेड अडवून भोकात बघू लागला. आधी नुसता काळोख. त्या वेळी त्याला केबिनमधल्या माणसांसारखं झालं. आहे का, नाही का, की असावंसं वाटतंय म्हणून आहे? त्यानं श्वास रोखला. बऱ्याच वेळानं तळाशी काहीतरी पांढरं सरकलं. नर्सबाई. तिच्या बाजूला एक नारिंगी रेघ, मग दुसरी. त्यानं चार मोजले. पुन्हा मोजले. चारच. वीज दुपारी आली तोवर तो तिथेच पातेली बदलत राहिला.

पाचव्या दिवशी सासरे उशीला टेकून बसण्याइतके बरे झाले. नाकात नळी, गालांवर पांढरी खुंटं. त्यांनी आधी हातानंच विचारलं, मासा पोहतो तसा पंजा हलवून.

"स्टेशनमास्तर गेला, मामा. वीज गेली होती. तोंड मिटलं."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "मोठ्यांना हवा जास्त लागते. बाकीचे?"

"चार दिसले. पाचवा असावा."

"असावा नको."

"चार दिसले."

"हातोडा मारला?"

"नाही."

"बरं केलंत." नर्स येऊन सलाइन बघून गेली. तिची पावलं दूर जाईपर्यंत तो थांबला. मग तो म्हणाला, "अजून एक आहे. पोस्टमनला नेलं त्या सकाळी मी खिडकीत होतो. बगळा आला ते, त्यानं पाय टाकला ते, सगळं पाहिलं. काचेवर टकटक केली असती तरी उडाला असता. केली नाही. का केली नाही मला माहीत नाही. आणि तुम्हाला म्हणालो, खाली असेल."

सासरे छताकडे बघत होते. यंत्राचा बीप-बीप आवाज येत होता, एकसारखा, कुणीही बटण दाबलं असतं इतका स्पष्ट.

"तेव्हाच बोलला असतात तर दोरी तीन दिवस आधी लागली असती," ते म्हणाले. "त्या तीन दिवसांत तो परत आला असता तर? आणखी दोघं गेले असते. हे चुकलं तुमचं."

"हो."

"सांगायला चार महिने लावलेत."

"हो."

मग त्यांनी मान वळवली. "कसा होता?"

"कोण?"

"बगळा हो. जवळून. मी तर पाहिला तो दोरीला अडखळताना. शिकार करताना नाही पाहिला."

मग त्यानं सांगितलं. पाय पाण्यात गेला तरी तरंग उठला नाही, मान कशी मागे मागे जात राहिली, माशाला हवेत कसं फिरवून घेतलं. सासरे मध्येमध्ये विचारत होते, डोकं आधी? शेंडी हलली? मानेतली गाठ खाली जातानाचं त्यांनी दोनदा सांगायला लावलं. इतकं सलग तो त्यांच्याशी कधीच बोलला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मीही बघत बसलो असतो कदाचित." आणि जरा थांबून, "पण मी सांगितलं असतं."

घरी सोडायचं ठरलं तेव्हा मेहुण्याचा फोन आला. बायकोचा धाकटा भाऊ, फर्निचरच्या दुकानात व्यवस्थापक, नीटनेटका, मनानं चांगला. त्याचं घर नवव्या मजल्यावर होतं, लिफ्ट होती, बायको दिवसभर घरी असायची. बाबांना मी घेऊन जातो, तो म्हणाला. ताई येईपर्यंत नाही, कायमचंच. तुम्ही एकटे किती बघणार भाऊजी? त्यात चुकीचं काहीच नव्हतं. बायकोचा फोन आला. तुला काय वाटतं, तिनं विचारलं. मामा म्हणतील तसं, तो म्हणाला. मग ती म्हणाली, "बाबांना काय वाटतं ते मी बाबांना विचारीन. मी तुला विचारलं." तो म्हणाला, "तुझा भाऊ म्हणतोय ते बरोबरच आहे."

शनिवारी दुपारी मेहुणा गाडी घेऊन आला. इस्पितळातून बाबांना आणलं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, आणि वर जाऊन कपडे भरून खाली आला. सासरे ओव्हरकोट न काढता बसले होते. कोट त्यांना मोठा झाला होता. खिडकीकडे त्यांची पाठ होती, आणि त्यांनी खुर्ची वळवून मागितली नाही.

"हा जिना बघा ना," मेहुणा म्हणाला. "दिवसातून चार वेळा चढ-उतार. आणि ही थंडी. तिकडे सगळं हाताशी आहे बाबा."

"जसं तुमचं ठरेल तसं," सासरे म्हणाले. ते कधीच असं बोलायचे नाहीत.

मेहुण्यानं बॅग उचलली, एक हात वडिलांच्या काखेत घातला. सासरे उठले. त्यांनी दोन पावलं टाकली, दोन्ही पाय टेकवत, सपाट फरशीवरही जिना असल्यासारखी. कपाटापाशी थांबून त्यांनी माशांच्या खाण्याचा डबा बघितला, झाकण घट्ट आहे का तपासलं आणि परत ठेवला. कुणीही कुणावर जबरदस्ती करत नव्हतं. सगळे एकमेकांशी इतकं चांगलं वागत होते, की दोन मिनिटांत हे घर रिकामं झालं असतं आणि त्याबद्दल कुणालाही दोष देता आला नसता.

"थांबा!"

ते फार मोठ्यानं निघालं. बहिऱ्या पेशंटशी बोलताना निघतं तेवढं. मेहुण्यानं बॅग खाली ठेवली.

"मामा इथेच राहतील," तो म्हणाला. "म्हणजे, त्यांना राहायचं असेल तर. पण मला ते इथे हवे आहेत. मला. माशांसाठी वगैरे नाही."

"पण भाऊजी, तुम्हीच ताईला म्हणालात की..."

"म्हणालो. ते खरं नव्हतं."

"आणि जिना?"

"खाट खाली आणू."

मेहुणा वडिलांकडे बघू लागला. "बाबा? तुम्ही बोला ना."

सासरे कोटाच्या गुंडीशी चाळा करत होते. "मला वाटलं होतं, मला कुणी विचारणारच नाही," ते म्हणाले. मग मुलाच्या दंडावर थोपटून म्हणाले, "रागावू नकोस बाळा. येईन मी, चार दिवस येईन. पण नवव्या मजल्यावर मी करू काय? नळ सोडल्यावर पाणी कुठून येतं तेही कळत नाही तिथे." मग जावयाकडे वळले. "आणि एवढं ओरडायची गरज नव्हती. मला ऐकू येतं."

मेहुण्याला आधी काय करावं ते सुचेना. मग त्यानं कोट काढला, बाह्या सरसावल्या. तेवढं त्याला कळत होतं; खाटा हा त्याचा रोजचा धंदा होता. दोघं वर गेले. खाट जुन्या लाकडाची, दिसते त्यापेक्षा दुप्पट जड. वळणावर ती अडकली ती अशी, की वर जाईना, खाली येईना. तो मागे, भिंत आणि डोक्याची फळी यांच्यामध्ये चेपलेला, मेहुणा खाली, मानेच्या शिरा ताणलेला. आणि सगळ्यांत खाली, पहिल्या पायरीपाशी कठड्याला धरून, सासरे. आवाज अजून घोगरा, पण गाळणघरातला.

"तिरकी करा. अशी नाही, तिरकी! जावईबापू, तुमची बाजू वर घ्या. अजून. भिंतीचा रंग गेला तर जाऊ द्या. आता सोडा हळूहळू. सोडा म्हणजे टाकू नका!"

खाट सुटली. दोघांनी ती आतल्या खोलीत, मागच्या खिडकीखाली लावली. तो गादी घालून पलंगपोसाचे कोपरे खोचू लागला. मेहुणा दाराला टेकून धापा टाकत होता आणि आपल्या तळहातांकडे बघून हसत होता. सासरे आले. काठावर बसले, हातानं गादी दाबून पाहिली, खिडकीकडे पाहिलं, मग उशीकडे.

"डोकं त्या बाजूला नको," ते म्हणाले. "इकडे करा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सासरे उठून बाजूला झाल्यावर पुन्हा खाट उचलली.